परीकथेचा दुहेरी श्रोता : गिरगाव ते दादर

मराठी परीकथेचा इतिहास बालसाहित्याच्या प्रकरणात लिहिला जातो आणि तेथेच तो अपुरा राहतो. हान्स अँडरसनच्या १८३५ च्या पहिल्या पुस्तिकेच्या शीर्षकात या कथा मुलांसाठी सांगितलेल्या असल्याचा निर्देश होता. १८४३ च्या अखेरीस निघालेल्या ‘नव्या’ कथांच्या शीर्षकातून त्याने तो गाळला. मुलाला गोष्ट सांगताना शेजारचा प्रौढही ऐकत असतो, ही जाणीव कलात्मक परीकथेच्या मुळाशी आहे. आपल्याकडे ती कोठे रुजली?

एकोणिसाव्या शतकातील मुद्रित वाङ्मयात हे दोन श्रोते लवकरच दुरावले. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ (१८२८) बोधाच्या गरजेतून अवतरले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबरीने अद्भुत प्रौढांपुढे ठेवले खरे; परंतु हरिभाऊ आपट्यांच्या वास्तववादाने कादंबरीची प्रतिष्ठा निश्चित केल्यावर अद्भुत हे वाङ्मयाच्या अपरिपक्वतेचे लक्षण ठरू लागले. ढोबळमानाने, मुलांच्या वाट्याला बोध आला आणि प्रौढांच्या वाट्याला वास्तव.

ही फाळणी पुस्तकाने नव्हे, रंगभूमीने ओलांडली. १९५९ मध्ये गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने सुधा करमरकर यांनी ‘लिट्ल थिएटर’ उभे केले. त्याचे पहिले नाटक रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’. १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. पुस्तक मूल एकटे वाचू शकते; नाट्यगृहात ते मोठ्यांचे बोट धरून येते. तिकीट काढणारा आणि गोष्टीत हरवणारा असे दोन प्रेक्षक शेजारी बसतात. संहितेला दोघांशी एकाच वाक्यात बोलावे लागते.

मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली. पुरुष नटाने रंगवलेल्या या चेटकिणीला पाहून मूल घाबरते, तेव्हाच प्रौढाला त्या सोंगातील खेळ दिसत असतो. भय आणि विनोद यांचे हे सहअस्तित्व शैलीचा अलंकार नसून या प्रकाराची रचनाच आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’ या बालनाट्याचे शीर्षकही असेच दुहेरी आहे. मुलाला त्यात गंमत दिसते. गिरण्यांच्या शहरातील प्रौढाला घाम कोणाचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

असे असूनही समीक्षेने मतकरींची गूढकथा आणि त्यांचे बालनाट्य निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले. अज्ञाताच्या भयाला आकार देणारी प्रतिभा दोन्हीकडे एकच आहे, हे त्यामुळे अलक्षित राहिले. २०१८ मध्ये ‘अलबत्या गलबत्या’ वैभव मांगले यांच्या चेटकिणीसह पुन्हा रंगभूमीवर आले आणि दादरच्या शिवाजी मंदिरात एका दिवसात त्याचे पाच प्रयोग झाले. लहानपणी हे नाटक पाहिलेल्यांना आपल्या मुलांना घेऊन येण्याची संधी यातून मिळाली. या पुनरागमनाला स्मरणरंजन म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु जी संहिता एकाच व्यक्तीला आधी मूल म्हणून आणि नंतर पालक म्हणून सामावून घेते, तिचे मूल्यमापन वयोगटाच्या निकषावर कसे करणार? प्रयोग संपला की अशा संहितेचा मोठा अंश विरून जातो. वाङ्मयेतिहासाने तिला वेळीच वाचले नाही, तर मराठीत परीकथा प्रौढ झालीच नाही, हा गैरसमज उद्या इतिहास म्हणून शिकवला जाईल.