रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा ग्रंथ हाती घेताना

या शाखेत नव्याने दाखल होणाऱ्या रेसिडेंटसमोर रदरफोर्डचे दोन जाडजूड खंड येतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची हा प्रश्न स्वाभाविकच पडतो. रॉबर्ट रदरफोर्ड यांनी संपादित केलेली पहिली आवृत्ती १९७७ साली निघाली. त्या काळी पोटातल्या महाधमनीचा फुगा दुरुस्त करायचा तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज त्याच ग्रंथाच्या नावात एंडोव्हॅस्क्युलर उपचारांना जागा मिळाली आहे. साहजिकच बहुतेक विद्यार्थी आधी स्टेंट आणि बलूनची प्रकरणे उघडतात, कारण कॅथलॅबमध्ये रोज तेच दिसते. या शाखेत तुमचे मनापासून स्वागत करताना माझा आग्रह एवढाच आहे, की उघड्या शस्त्रक्रियेची जुनी प्रकरणे इतिहास म्हणून बाजूला ठेवू नका.

हा इतिहास मुळात फार जुना नाही. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी पोर्टल शीर फाटली होती, ती शिवणे कोणालाच शक्य झाले नाही आणि काही तासांत ते गेले. त्याच शहरात वैद्यकाचे शिक्षण घेणारा तरुण अलेक्सी कारेल या घटनेने अस्वस्थ झाला. भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून तो नाजूक सुईकाम शिकला. वाहिनीच्या गोल तोंडावर तीन आधार-टाके घालून त्याचा त्रिकोण करायचा आणि मग सरळ कडा शिवायच्या, ही त्याची रीत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळाले. तरीही या कौशल्याचा रुग्णांना व्यापक उपयोग होण्यासाठी हेपॅरिनची आणि अँजिओग्राफीची वाट पाहावी लागली. लिस्बनमध्ये रेनाल्दो दोस सांतोस यांनी १९२९ मध्ये महाधमनीचे चित्र काढले. पॅरिसमध्ये झाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये पायातल्या बंद धमनीला रुग्णाच्याच शिरेने बायपास दिला, आणि तिथेच १९५१ मध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोटातल्या महाधमनीचा फुगा काढून त्या जागी दात्याची धमनी जोडली. पुढे १९६४ मध्ये चार्ल्स डॉटर यांनी कॅथेटरने पायाची अरुंद धमनी रुंद केली आणि १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी मांडीच्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट महाधमनीत नेऊन बसवला.

त्यानंतर जुनी शस्त्रक्रिया संपली, असे अनेकांना वाटले. ब्रिटनच्या ‘ईव्हीएआर-१’ या चाचणीचे आकडे सुरुवातीला तसेच होते: तीस दिवसांतले मृत्यू स्टेंट-ग्राफ्टच्या गटात १.७ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के. मात्र त्याच रुग्णांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हा फायदा टिकलेला नव्हता. आठ वर्षांनंतर तर फुग्याशी संबंधित मृत्यू स्टेंट-ग्राफ्टच्या गटात जास्त होते, आणि त्यामागचे मोठे कारण होते झाकलेला फुगा नंतर फुटणे. अशा रुग्णांवर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. त्यांच्यापैकी कोणाचा ग्राफ्ट काढायची वेळ येते, तेव्हा शल्यविशारदाला तेच ‘जुने’ प्रकरण लागते, तेही पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड परिस्थितीत.

पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेत तर दोन चांगल्या चाचण्यांनी दोन दिशा दाखवल्या. २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये पायाची मोठी वरवरची शीर चांगली असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरला. २०२३ च्या ‘बॅसिल-२’मध्ये गुडघ्याखालच्या आजारात आधी एंडोव्हॅस्क्युलर उपचार घेतलेल्यांचे निकाल चांगले आले, मुख्यतः मृत्यू कमी झाल्यामुळे. अशा ठिकाणी संदर्भग्रंथाकडून एका ओळीचे उत्तर मागू नये. कोणते रुग्ण घेतले, शीर कशी होती, धमनी कुठल्या पातळीला बंद होती, हे तक्त्यांत शोधावे. मला स्वतःला चाचण्यांची ही बारीक चर्चा ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते.

आपल्याकडचा रुग्ण वाचनात सतत सोबत असू द्या. चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबले की बरे वाटते, म्हणून आलेल्या माणसाच्या घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला, तर ०.९ किंवा त्याहून कमी गुणोत्तर आजार सुचवते. पण मधुमेहात धमनीत कॅल्शियम साचून ती दाबली जात नाही, आकडा १.४ च्या वर जातो आणि बोट काळे पडत चालले असतानाही रिपोर्ट ‘ठीक’ वाटतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा. विडी ओढणाऱ्या तरुणाच्या बोटाला जखम होऊन ती भरत नसेल, तर बर्गरचा आजार आठवा. त्याला तंबाखू पूर्ण सोडायला लावणे हाच मुख्य उपचार आहे, आणि त्यासाठी प्रत्येक भेटीत वेळ दिलाच पाहिजे. अचानक थंड, पांढरा पडलेला पाय आला तर साधारण सहा तासांनंतर स्नायूंचे नुकसान भरून येणे कठीण होत जाते. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याचे त्यातले कित्येक तास रस्त्यातच जातात. म्हणून गुठळी काढण्याच्या फोगार्टी कॅथेटरचे प्रकरण जिल्हा रुग्णालयातल्या जनरल सर्जननेही वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्या महिन्यात शरीररचना आणि धमन्या उघड्या करण्याच्या वाटा, एवढेच वाचा. जोडीला रोज एका रुग्णाची नाडी मांडीत, गुडघ्यामागे, घोट्याजवळ आणि पावलावर स्वतः तपासा, कागदावर लिहा, आणि त्यानंतरच त्याचा डॉपलरचा रिपोर्ट उघडा.