हन्ना
हन्ना : बायबलच्या जुन्या करारातील पहिल्या शमुवेल ग्रंथातील स्त्री, एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातील एलकानाच्या दोन बायकांपैकी एक. सवत पनिन्नेला मुलेबाळे होती, हन्नेची कूस रिकामी. दरवर्षी शिलोच्या यात्रेत यज्ञाच्या मांसाचे वाटे पडत. पनिन्नेला मुलांचेही वाटे मिळत. नेमकी तेव्हाच ती हन्नेला टोचून बोले आणि हन्ना उपाशी रडत राही. नवऱ्याचा तिच्यावर जीव होता. तरी हे दुःख सरले नाही.

एकदा शिलोच्या मंदिरात, मुलगा झाला तर तो देवाला वाहीन असा नवस बोलून ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती. तिचे नुसते ओठ हलताना पाहून याजक एलीला ती प्यायलेली वाटली. आपण प्रार्थना करत होतो, हे खरे तिने त्याला आदराने, पण ठामपणे सांगितले.

पुढे तिला शमुवेल हा मुलगा झाला. अंगावरचे दूध तुटल्यावर तिने नवसाप्रमाणे त्याला मंदिरात वाहिले. दरवर्षी त्याच्यासाठी ती लहानसा झगा शिवून नेई. ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये तिची कथा वाचतात.