चौकोनी आट्याची कुळकथा

डहाणू तालुक्यात चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात घरोघरी डाय कोरतात. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी उतरवायची, मग डायला पाणी द्यायचं. ती डाय सोनाराकडे जाते आणि फ्लायप्रेसखाली बसते. प्रेसच्या वरच्या आडव्या दांड्याला लोखंडी गोळे असतात. दांड्याला हिसका दिला की जाडजूड स्क्रू गिरकी घेत खाली येतो, धप्पकन आदळतो आणि आपणहून थोडा मागे उसळतो. पत्र्यावर फूल उमटलेलं असतं. कोरणाऱ्याच्या हाताचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं. पण त्या स्क्रूकडे कोणी बघत नाही. त्याचे आटे साध्या बोल्टासारखे टोकदार नसतात, चौकोनी असतात. शिवाय एक आटा नसतो, दोन-तीन आटे शेजारी शेजारी उतरत जातात.

कूळ जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने मळसूत्राने दाबायच्या यंत्राचं वर्णन लिहिलं, लाकडात आतून आटे कसे पाडायचे तेही सांगितलं. ऑलिव्ह आणि द्राक्षं पिळणारं हे यंत्र पंधराव्या शतकात गुटेनबर्गच्या छापखान्यात शिरलं आणि 1556 साली गोव्याला उतरलं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (भाषा मराठी, लिपी रोमन) 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं ते असल्याच मळसूत्राच्या दाबाखाली. तिकडे युरोपातल्या टाकसाळींनी सोळाव्या शतकात नाणी पाडायला हातोड्याऐवजी स्क्रूप्रेस धरला. सोनाराच्या फ्लायप्रेसचा सख्खा आजा तोच.

पण चौकोनीच का? टोकदार आट्याची बाजू उतरती असते. तिच्यावर भार पडला की थोडा जोर आडवा जातो, नटाला आतून फाकवू बघतो आणि घर्षण वाढवतो. 60 अंशांच्या आट्यात हे घर्षण सुमारे 15 टक्के जास्त भरतं. चौकोनी आटा भार सरळ अंगावर घेतो, नट फाकवत नाही. मात्र तो पाडणं म्हणजे काय हे लेथवाल्याला विचारा. टूलला दोन्ही अंगांनी मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर ते घासतं. आणि नट एकदा झिजला की तो ढिलेपणा आवळून काढता येत नाही, नटच बदलावा लागतो.

म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत 29 अंशांचा अ‍ॅक्मे आटा निघाला. मेट्रिकवाल्यांचा ट्रॅपेझॉइडल 30 अंशांचा. घर्षण जेमतेम साडेतीन टक्के वाढतं. बदल्यात दात बुडाशी जाड आणि पाडायला सोपा. सौदा वाईट नाही, लेथच्या लीडस्क्रूला हाच लावतात. भार कायम एकाच दिशेने येणार असेल तर बट्रेस: भाराकडची बाजू जवळजवळ उभी, पाठ तिरकी, करवतीच्या दातासारखा.

एवढं करूनही निम्मंच काम होतं, कारण आट्याच्या आकाराइतकाच त्याचा चढ महत्त्वाचा. हात सोडल्यावर स्क्रू जागेवर राहतो की मागे फिरतो, ते चढावर ठरतं. सूर्या प्रकल्पाच्या पाण्याचे कालवे डहाणूच्याच भागातून जातात. कालव्यावरचं स्क्रूचं गेट उचलणाऱ्याने मधेच चाक सोडून बिडी पेटवली तरी गेट जागेवर राहायला हवं. तलासरीला हायवेच्या कडेला ट्रकखाली लावलेल्या स्क्रूजॅकचंही तेच. तो आपोआप उतरला तर माणूस जाईल. फ्लायप्रेसला याच्या बरोबर उलट हवं: घाव बसला की स्क्रूने अडकून न बसता मागे फिरायला हवं.

हिशेब छोटा आहे. मधला व्यास 50 मिलिमीटर धरा, म्हणजे घेर 157. दोन दातांमधलं अंतर 12. आटा एकच असेल तर एका फेरीत 12 मिलिमीटर चाल. 157 ला 12, म्हणजे शंभराला साधारण 8 चढ. बेताच्या वंगणावर घर्षण शंभराला 10 ते 15 असतं, म्हणून स्क्रू जागेवर अडून राहतो. तेच आटे तीन केले की चाल 36, चढ शंभराला 23. आता घर्षणाला तो धरवत नाही. दात तोच चौकोनी. पहिला जॅकचा, दुसरा प्रेसचा.

जुना प्रेस घ्यायला गेलात तर रंग बघू नका. स्क्रूच्या टोकाकडून आटे किती सुरू होतात ते मोजा, मग दांडा धरून स्क्रू खालीवर हलवून बघा. खडखडला तर नट संपलाय, तेवढे पैसे किमतीतून कमी करा.