बिघडलेली रूट बिअर आणि जखमी सैनिक

आजचा विषय लिबलिबीत आहे, म्हणजे अगदी शब्दशः. काही जिवाणू साखर खातात आणि बदल्यात चिकट, तार सुटणारा पदार्थ बाहेर सोडतात. शास्त्रीय भाषेत तो पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. कारखान्यात हा पदार्थ दिसला की लोक डोक्याला हात लावतात. पण एका बाईंनी तो नीट बघितला.

त्यांचं नाव ॲलीन जीन्स. जन्म १९०६, टेक्सासमधल्या वेको गावात. १९३८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी. १९४१ मध्ये त्या पिओरिया इथल्या सरकारी शेती प्रयोगशाळेत लागल्या. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर कसं बनवायचं, हे ज्यांनी शोधलं त्यांत हीच लॅब होती. पेनिसिलिनच्या गोष्टीत फ्लेमिंगचं नाव येतं, पिओरियाचं क्वचितच, पण तो वेगळा एपिसोड होईल.

तर एका शीतपेय कंपनीची रूट बिअर बिघडली. नाव बिअर असलं तरी हे मुलं पितात तसलं गोड पेय. ते घट्ट आणि बुळबुळीत झालं होतं. कंपनीच्या दृष्टीने तो बग होता. जीन्सबाईंना मात्र डेक्स्ट्रान नावाच्या पॉलिसॅकराइडवर काम करायचं होतं, आणि ते बनवणारा जिवाणू या बाटलीत आयता बसलेला होता.

तो वेगळा काढायचा कसा? तत्त्व सोपं आहे, चिकाटी लागते. नमुना खूप पातळ करायचा आणि साखर घातलेल्या अगारच्या थाळीवर पसरायचा. एकेका जिवाणूपासून एकेक ठिपका वाढतो. त्यातला जो फुगीर, चकचकीत, चिकट दिसेल तो सुईने उचलून नव्या थाळीवर रेघोट्यांसारखा ओढायचा. सगळे ठिपके एकसारखे येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मग तो द्रवात वाढवून त्यात अल्कोहोल ओतलं की डेक्स्ट्रान खाली बसतं. आज प्रदूषित भूजलातून असे जिवाणू शोधणारे लोकही मुळात हेच करतात. तिथे शोधायचं कारण असं, की हा चिकट थर जिवाणूचं चिलखत असतो आणि काही जड धातूही त्याला चिकटून राहतात. घाण पाण्यात टिकलेला जिवाणू बहुतेक वेळा असं काहीतरी पांघरून असतो.

रूट बिअरमधला जिवाणू होता ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइड्स. लॅबच्या संग्रहात त्याला नंबर मिळाला बी-५१२. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, रेपोमध्ये टॅग लागला. आणि हा टॅग महत्त्वाचा, कारण सगळी डेक्स्ट्रानं सारखी नसतात. जीन्स आणि सहकाऱ्यांनी ९६ वाणांची डेक्स्ट्रानं तपासून १९५४ मध्ये त्यांचं वर्गीकरण छापलं. माझ्या मते त्यांचं खरं काम हे आहे. बाटली नशिबाने मिळते, ९६ वाण नशिबाने तपासून होत नाहीत.

एवढा खटाटोप कशाला? १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. जखमी सैनिकाचं रक्त वाहून गेलं की रक्तदाब कोसळतो. नुसतं सलाईन दिलं तर त्यातलं बरंचसं पाणी थोड्या वेळात रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. रक्त द्यायचं तर गट जुळवा, थंड ठेवा. अनेक दात्यांचा एकत्र केलेला प्लाझ्मा द्यायचा तर काविळीचा धोका. डेक्स्ट्रानचे कण मोठे, ते रक्तवाहिनीत राहतात आणि पाणी धरून ठेवतात. फ्रीज नको, रक्तगट नको. ते ऑक्सिजन वाहत नाही, त्यामुळे रक्ताची जागा घेत नाही. पण माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचण्याइतका वेळ मिळतो.

स्वीडनमध्ये ग्रॉनवॉल आणि इंगेलमन यांनी हा उपयोग १९४० च्या दशकातच दाखवला होता, म्हणजे कल्पना पिओरियाची नव्हे. पण जिवाणू बनवतो ते डेक्स्ट्रान प्रचंड मोठं असतं. आम्लाने तोडून ते योग्य मापाचं करावं लागतं. औषधातल्या डेक्स्ट्रान ७० चा सरासरी रेणूभार ७०,००० असतो. शिवाय माळेला फांद्या जास्त असतील तर ॲलर्जीची भीती जास्त. बी-५१२ च्या माळेत सुमारे ९५ टक्के जोड सरळ, म्हणून तो वाण उपयोगी ठरला. १९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचा विशेष सेवा पुरस्कार जीन्सना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

पुढे त्याच लॅबमध्ये कोबीला काळी कूज आणणाऱ्या झॅन्थोमोनास जिवाणूपासून झॅन्थन गम आला. सॉसच्या बाटलीवर किंवा टूथपेस्टवर बघा, झॅन्थन गम किंवा ई-४१५ लिहिलेलं सापडेल.

आता आपल्याकडे या. हाच ल्युकोनोस्टॉक आपल्या ऊसपट्ट्यात राहतो. तोडलेला ऊस ट्रॉलीत उभा राहिला की कापलेल्या टोकांतून तो आत शिरतो आणि साखरेचं डेक्स्ट्रान करत सुटतो. जळीत उसात तर हे आणखी लवकर. रस घट्ट होतो, गाळणीतून उतरत नाही, साखरेचे दाणे लांबुडके येतात. आणखी एक गोची म्हणजे डेक्स्ट्रान प्रकाशाला जोरात उजवीकडे वळवतं. उजव्याला लॅटिनमध्ये डेक्स्टर, नाव त्यावरूनच. रसातली साखर मोजायचं यंत्रही प्रकाशाच्या वळण्यावरच चालतं, म्हणून शिळ्या उसात ते साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. त्यामुळे कारखान्याच्या लॅबमध्ये डेक्स्ट्रान वेगळं मोजावं लागतं, आणि ट्रॉलीची रांग लांबली की तो आकडा वर जातो.