देठ आणि व्रण

टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक मिळाले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने तो वृत्तान्त छापला. रक्तपुरवठ्याचा देठ न तोडता कातडी वळवणे, हे त्यातले मर्म. ओघळलेले स्तन उचलताना स्तनाग्र आजही अशाच देठावर जिवंत ठेवतात. १९६२ साली अमेरिकेत सिलिकॉनचे रोपण आले. दोन्ही एकत्र केल्यास पेच पडतो: उचलण्यासाठी त्वचा आवळावी लागते, रोपण तीच ताणते. व्रण राहतात, रोपण आजन्म टिकत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. सातारा-सांगलीकडे काव्य शिकविताना आम्ही स्तनांच्या उपमा निःसंकोच उलगडतो; हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्याची भाषा मात्र विद्यार्थिनींना देत नाही.