ख्मेर वंश आणि कंबोडियाचे नागरिकत्व : एक ऐतिहासिक विवेचन

कंबोडियाच्या संदर्भात 'ख्मेर' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. ख्मेर भाषा बोलणारा, बहुतांशी थेरवाद बौद्ध असलेला मानवसमूह हा तिचा एक अर्थ. कंबोडिया या राज्याचा नागरिक हा दुसरा. व्यवहारात हे दोन्ही अर्थ एकच मानले जात असले तरी वस्तुस्थिती तशी नाही. २०१९ च्या जनगणनेनुसार व्हिएतनाममध्ये १३ लाखांहून अधिक ख्मेर असून त्यांतील बहुसंख्य मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात राहतात. थायलंडच्या सुरिन, बुरीराम व सिसाकेत या प्रांतांतही त्यांची जुनी वस्ती आहे. उलटपक्षी खुद्द कंबोडियात चाम मुस्लिम, चिनी, व्हिएतनामी आणि रतनकिरी, मोंडुलकिरी या डोंगराळ प्रांतांतील जमाती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत.

ख्मेर भाषेतील परिभाषा मराठी वाचकास परिचित वाटेल. 'राष्ट्र' या अर्थी तेथे 'जाति', राष्ट्रीयत्वासाठी 'सञ्जाति' आणि वांशिक समूहासाठी 'जनजाति' हे शब्द रूढ आहेत. उच्चार मात्र बदललेले आहेत. तिन्हींच्या मुळाशी जन्माची कल्पना आहे. अर्थात केवळ व्युत्पत्तीवरून इतिहासाचा उलगडा होत नाही. युरोपीय 'नेशन' हा शब्दही जन्मवाचक लॅटिन धातूपासूनच आला आहे. खरा प्रश्न राज्यसंस्थेने या शब्दांचा वापर कसा केला, हा होय.

१८६३ मध्ये कंबोडिया फ्रान्सच्या संरक्षणाखाली आला. दक्षिणेकडील कोचिनचायना ही फ्रान्सची स्वतंत्र वसाहत होती आणि १९४९ मध्ये फ्रान्सने ती व्हिएतनामच्या स्वाधीन केली. तेथील ख्मेर, म्हणजेच 'ख्मेर क्रोम', वंशाने ख्मेर राहूनही दुसऱ्या राज्याचे प्रजाजन ठरले. ९ नोव्हेंबर १९५३ रोजी कंबोडिया स्वतंत्र झाला. नरोदम सिहानूक यांच्या राजवटीत चाम मुस्लिमांना 'ख्मेर इस्लाम', तर डोंगरी जमातींना 'ख्मेर लू' अशी नावे मिळाली. या धोरणात सर्वसमावेशकता होती, हे मान्य करावे लागेल. तथापि ख्मेर म्हणवून घेतल्याखेरीज राष्ट्रात स्थान नाही, ही अटही त्यातच अंतर्भूत होती. आणि चिनी व व्हिएतनामी समाजांस असे नावही लाभले नाही.

त्याचे परिणाम १९७० मध्ये दिसून आले. लोन नोल यांनी सत्ता हस्तगत केल्यानंतर व्हिएतनामी रहिवाशांच्या कत्तली झाल्या व लाखोंच्या संख्येने त्यांना देश सोडावा लागला. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने उरलेल्यांना हाकलले अथवा ठार मारले. व्हिएतनामी व चाम यांच्या वंशसंहाराबद्दल विशेष न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल दिला.

१९९३ च्या राज्यघटनेचे ३१ वे कलम या दृष्टीने लक्षणीय आहे. वंश, वर्ण, लिंग, भाषा वा धर्म यांवरून भेद न करता सर्वांस समान हक्क देणारे हे कलम ज्यांना ते हक्क देते, त्यांचा निर्देश मात्र 'ख्मेर नागरिक' असा करते. १९९६ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार परकीय माता-पित्यांचे अपत्य जन्माने नागरिक होऊ शकते. पण ते दोघेही कंबोडियात जन्मलेले व तेथे कायदेशीर रीतीने राहणारे असले पाहिजेत. ज्यांची कागदपत्रे १९७० च्या दशकात नष्ट झाली, त्या तोन्ले साप सरोवरावरील तरंगत्या वस्त्यांतील व्हिएतनामी कुटुंबांना हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्यच होय. २०१७ मध्ये शासनाने सुमारे ७०,००० व्यक्तींची, मुख्यतः व्हिएतनामी वंशीयांची, कागदपत्रे अनियमित ठरवून परत घेण्याचे जाहीर केले. याउलट ख्मेर क्रोम लोकांना शासन तत्त्वतः आपले नागरिक मानते. ओळखपत्र मिळविताना मात्र त्यांनाही अडचणी येतात. म्हणजे वंशाचा आधारही कागदाशिवाय अपुराच पडतो.

जुलै २०२५ मध्ये घटनेच्या ३३ व्या कलमात दुरुस्ती झाली आणि ऑगस्टमध्ये संसदेने तदनुषंगिक कायदा संमत केला. परकीय शक्तींशी संगनमत करून राष्ट्रहितास बाधा आणणाऱ्यांचे राष्ट्रीयत्व रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. मूळच्या घटनेने ख्मेर नागरिकाचे राष्ट्रीयत्व हिरावून घेण्यास मनाई केली होती. या दुरुस्तीने ख्मेर माता-पित्यांच्या पोटी जन्मलेल्या व्यक्तीचे नागरिकत्वही रद्द होऊ शकते.