गॅल्व्हेस्टनची कण्हेर

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. या सणानिमित्त वांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीच्या दर्शनास लोटणारी गर्दी आपण सारेच जाणतो. १९०० साली हा दिवस शनिवारी आला होता. त्या दिवशी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगत असलेल्या गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहरावर समुद्र चालून आला. बेटाची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी, आणि पाणी चढले पंधरा फुटांवर. किमान सहा हजार माणसे एका रात्रीत दगावली.

किनाऱ्यावर सेंट मेरीज अनाथाश्रम होता. पाणी वाढू लागले तेव्हा तेथील धर्मभगिनींनी कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांनी मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले आणि मरियेचे एक गीत त्यांच्याकडून गाऊन घेतले. दहा भगिनी आणि नव्वद मुले बुडाली. तीन मुलगे तेवढे एका झाडाच्या आधाराने वाचले. पुढे वाळूत काही भगिनींचे देह मिळाले, ते मुलांना बांधलेल्या स्थितीतच. या घटनेवर अधिक काही लिहिणे आमच्याने होत नाही.

आम्हांला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

इतिहासाची पुस्तके येथून पुढे भिंतीची कथा सांगतात, आणि ती सांगण्याजोगी आहेच. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून अधिक लांबीची भिंत समुद्राला आडवी घालण्यात आली. १९०३ ते १९११ या काळात तर शहराची जमीनच उंच करण्यात आली. घरे जॅक लावून उचलायची, खाडीच्या तळाची वाळू पाण्यासह नळांतून त्यांच्याखाली सोडायची, पाणी वाहून गेले की वाळू उरते. दोन हजारांवर इमारती अशा उचलल्या गेल्या. त्यांत सुमारे तीन हजार टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्चही होते. सातशे जॅक लावून ते पाच फूट वर घेतले गेले आणि त्या काळात उपासना चालूच राहिली. आमच्यासारख्या धर्मगुरूला या शेवटच्या वाक्याचे जरा जास्तच कौतुक वाटते!

परंतु या उपायाने एक हानी केली. वादळातून जी काही झाडे वाचली होती, ती या खाऱ्या वाळूखाली गाडली जाऊन मेली. शहर सुरक्षित झाले, पण उजाड झाले. लोक फळ्यांच्या पुलांवरून घरोघर जात होते आणि खाली पाहावे तिकडे राखाडी वाळू.

अशा भूमीत काय लावायचे? १९०१ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या आरोग्य संरक्षण मंडळाने हा प्रश्न हाती घेतला. वादळात मेलेल्यांचे नीट दफन व्हावे, हे या मंडळाचे आरंभीच्या कामांपैकी एक होते, हे मुद्दाम नमूद करतो. ज्या हातांनी कबरींची काळजी घेतली, त्याच हातांनी पुढे रोपे लावली. मंडळात केवळ गोऱ्या स्त्रियांना प्रवेश होता, हाही त्या काळाचा डाग लपवू नये. या स्त्रियांनी हजारो झाडे लावली, आणि त्यांत मोठा भरवसा ठेवला तो कण्हेरीवर.

कण्हेर बेटाला नवी नव्हती. १८४१ साली जोसेफ ऑस्टरमन या यहुदी व्यापाऱ्याने जमैकाहून कण्हेरीची रोपे लाकडी टपांत आणून पत्नी रोझाना व तिची भावजय यांना दिली होती. तेथून ती बागेतून बागेत गेली. खुद्द कण्हेर मात्र भूमध्य सागराच्या काठापासून आपल्या देशापर्यंतची. इटलीतील टस्कनी भागात तिला संत जोसेफाची काठी म्हणतात. संत जोसेफाची काठी फुलली, ही आख्यायिका आपल्या वाचकांस ठाऊक आहे. बेटावर ती आणणाराही जोसेफच निघावा, ही गंमत.

वाळू, खारा वारा, कोरडा उन्हाळा, हे सारे तिला कसे सोसते? तिची पाने जाड व चिवट असतात. श्वसनाची सूक्ष्म छिद्रे पानाच्या खालच्या अंगाला खळग्यांत दडलेली असून त्या खळग्यांत केसांची लव असते, त्यामुळे वाऱ्याने पाणी उडून जात नाही. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, कारण पान, फूल, फांदी, सारेच विषारी. शेकोटीत तिची लाकडे घालू नयेत आणि मुलांच्या हाती पाने येऊ देऊ नयेत. (आपल्याकडे जिला पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणतात, ती निराळी, विषारी मात्र तीही.) अनाथ मुलांच्या स्मृतीच्या बेटावर असे झाड कशाला, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते त्या स्त्रियांचा निर्णय योग्यच होता. गोड फळाचे झाड त्या वाळूत जगले नसते.

१९१५ च्या वादळात भिंत टिकली. शहर 'कण्हेरींचे शहर' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९६७ मध्ये तेथे खास कण्हेरीसाठी एक संस्था निघाली. २००८ च्या सप्टेंबरात आईक नावाचे वादळ आले, खाडीच्या बाजूने खारे पाणी शहरात शिरले आणि सुमारे चाळीस हजार झाडे मेली. १९०० नंतर लावलेले मोठमोठे ओक त्यांत गेले. काही खोडांवर कारागिरांनी पक्षी, मासे, देवदूत कोरले.

कण्हेर लावणे अगदी सोपे. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी कापावी, खालची पाने काढावीत, पाण्याच्या बाटलीत उभी करून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवावी. काही आठवड्यांनी मुळे फुटली की उन्हाच्या जागी वाळूमिश्रित मातीत लावावी, आणि पहिला उन्हाळा तेवढे पाणी घालावे.